पिवळी पडलेली केबिनची शीट पुन्हा स्वच्छ होईल का? नौकामालकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमची फायबरची नौका बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात असते. केबिनच्या पुढच्या बाजूला काचेऐवजी पारदर्शक प्लास्टिकच्या तीन शीट बसवलेल्या आहेत. त्यांपैकी दोन पिवळ्या पडून धुरकट झाल्या आहेत. तिसरी मात्र, त्याच दुकानातून त्याच वेळी आणलेली असूनही, बऱ्यापैकी स्वच्छ आहे. सकाळी उन्हाकडे तोंड करून खाडीत शिरताना समोरचे दिसत नाही आणि रात्री न्हावा-शेव्याकडे जाणाऱ्या जहाजांचे दिवे त्या शीटमधून पसरट दिसतात. कोणी टूथपेस्ट घासा म्हणतो, कोणी थिनरने पुसा म्हणतो, तर मोटारींचे हेडलाइट चकचकीत करून देणारा एक कारागीर तासाभरात काम करून देतो म्हणतो. नेमके काय करावे?
— एक नौकामालक, दिवाळे कोळीवाडा

उत्तर : आपल्या पत्रातील तिसऱ्या शीटचा उल्लेख फार मोलाचा आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो. एकाच वेळी घेतलेल्या, एकाच उन्हात आणि एकाच खाऱ्या वाऱ्यात राहिलेल्या तीन शीटपैकी दोनच पिवळ्या पडल्या असतील, तर त्याची दोन कारणे संभवतात. एक म्हणजे तिसरी शीट मुळात वेगळ्या प्लास्टिकची आहे. दुसरे, आणि नौकांवर जास्त आढळणारे कारण म्हणजे पिवळ्या पडलेल्या दोन शीट उलट्या बसवल्या गेल्या आहेत.

दुकानात पारदर्शक शीट म्हणून दोन प्लास्टिके प्रामुख्याने मिळतात, ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट. ॲक्रिलिक उन्हात सहसा पिवळे पडत नाही. ते ओरखडते, ठिसूळ असते आणि चुकीचे रसायन लागले तर त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा उमटतात. पॉलिकार्बोनेट आघाताला कितीतरी जास्त सोसते, म्हणून नौकेवर तेच योग्य. मात्र सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात, तुटलेल्या जागी हवेतला ऑक्सिजन शिरतो आणि त्यातून तयार होणारी संयुगे प्रकाशातील निळा भाग शोषून घेतात. निळा वजा झालेला प्रकाश आपल्या डोळ्यांना पिवळा दिसतो. हे होऊ नये म्हणून चांगल्या पॉलिकार्बोनेट शीटवर कारखान्यातच अतिनील किरण अडवणारा पातळ थर दिलेला असतो, पण स्वस्त शीटवर तो एकाच बाजूला असतो. ती बाजू बाहेर यावी म्हणून शीटवर चिकटवलेल्या कागदावर किंवा फिल्मवर तसे छापलेले असते. बसवणाऱ्याने तो कागद आधीच सोलून टाकला, की कोणती बाजू बाहेरची हे नुसते पाहून सांगता येत नाही, आणि मग उलटी बसलेली शीट काही वर्षांतच पिवळी पडते.

शीट कोणती आहे हे ओळखण्यासाठी एका कोपऱ्यातील रबरी बीडिंग थोडे उचलून पाहावे. बीडिंगखाली झाकलेली पट्टी स्वच्छ आणि उघडा भाग पिवळा असेल, तर हे उन्हाचे काम आहे याची खात्री पटते. त्यानंतर त्या झाकलेल्या कडेला धारदार सुरी आडवी धरून हलकेच खरवडावे. पॉलिकार्बोनेटची लांब, वळणदार साल निघते. ॲक्रिलिकचे तुकडे किंवा भुगा पडतो. काही जण तुकडा जाळून वासावरून ओळखण्याचा सल्ला देतात. डिझेलच्या टाकीजवळ आणि सुक्या जाळ्यांच्या ढिगात तो प्रयोग कृपया कोणी करू नये.

शीट ॲक्रिलिकची निघाली आणि तरीही पिवळट दिसत असेल, तर तो रंग बहुधा प्लास्टिकचा नसून वर बसलेल्या थराचा असतो. डिझेलचा धूर, जुने मेण आणि सुकलेले मीठ यांचा मिळून एक चिकट पापुद्रा तयार होतो. तो आधी धुऊन पाहावा, कारण कित्येकदा तेवढ्यानेच काम होते. धुण्याची रीत मात्र सांभाळावी लागते. नौका बंदराला लागल्यावर कोरड्या फडक्याने शीट पुसण्याची सवय जवळजवळ सर्वत्र आहे आणि शीटचे सर्वाधिक नुकसान त्या फडक्यानेच होते, कारण सुकलेल्या मिठाचे कण प्लास्टिकवर ओरखडे पाडतात. प्रथम गोड्या पाण्याची धार सोडून मीठ विरघळू द्यावे, मग भांड्यांच्या सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या मऊ सुती कापडाने न दाबता पुसावे आणि पुन्हा गोड्या पाण्याने धुवावे.

आता थिनरविषयी. थिनर, ॲसिटोन, पेट्रोल आणि अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रव यांपैकी काहीही या दोन्ही प्लास्टिकांना लावू नये. थिनर लावताक्षणी पॉलिकार्बोनेटचा पृष्ठभाग विरघळून दुधाळ होतो. ॲक्रिलिकवर परिणाम उशिरा दिसतो, पण स्क्रूच्या भोकांभोवती, जिथे आधीच ताण असतो, तिथून भेगा सुटतात आणि एकदा सुटलेली भेग घासून जात नाही. टूथपेस्ट अशी घातक नसते. तिच्यात बारीक घासणारी पूड असते, त्यामुळे अगदी वरवरचा धुरकटपणा कमी होतो आणि माणसाला वाटते की उपाय लागू पडला. पण आतला पिवळा थर तसाच राहतो.

आपल्या शीट पॉलिकार्बोनेटच्या आहेत असे धरून पुढचे सांगतो. पिवळेपणा शीटच्या संपूर्ण जाडीत नसतो. तो वरच्या अगदी पातळ थरात असतो, म्हणूनच तो घासून काढता येतो. शीट शक्यतो चौकटीतून काढून सपाट फळीवर, खाली जुनी चादर अंथरून ठेवावी. १००० नंबरच्या वॉटर पेपरने (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर; नंबर मोठा तितका पेपर बारीक), रबरी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून, सतत पाणी सोडत घासण्यास सुरुवात करावी. ओरखडे खोल असतील तरच ८०० पासून. प्रथम पेपरखालून पिवळसर पाणी येते. ते पाणी पांढरे, ताकासारखे येऊ लागले की पिवळा थर निघाला असे समजावे आणि त्या जागी आणखी घासू नये. एकाच ठिकाणी जोर दिला तर तिथे खळगा पडतो, आणि खळग्यातून पाहिलेला तरंगता बोया किंवा समोरची नौका आपल्या जागेवरून सरकलेली दिसते. नौका हाकणाऱ्याच्या दृष्टीने हा दोष पिवळेपणापेक्षाही वाईट आहे.

त्यानंतर १५००, २००० आणि शेवटी ३००० नंबरचा पेपर घ्यावा, आणि प्रत्येक वेळी घासण्याची दिशा आधीच्या दिशेला आडवी ठेवावी, म्हणजे मागच्या पेपरच्या रेघा गेल्या की नाहीत हे दिसते. दोन पेपरांमध्ये शीट आणि हात दोन्ही धुऊन घ्यावेत, कारण जाड पेपरचा एक कण जरी पुढच्या पेपरखाली आला तरी सगळी मेहनत वाया जाते. ३००० नंतर शीट एकसारखी धुरकट पांढरी दिसते. तिथे घाबरून थांबू नये. त्यावर प्लास्टिकसाठीचे पॉलिश फोमच्या पॅडने फिरवले की पारदर्शकता परत येते. मशीन वापरणार असाल तर वेग कमी ठेवावा आणि पॅड एका जागी रेंगाळू देऊ नये, कारण पॉलिकार्बोनेट साधारण १४७ अंश सेल्सिअसला आणि ॲक्रिलिक त्याहून बरेच आधी, १०५ अंशांच्या आसपास मऊ पडते. वेगाने फिरणारा पॅड एका जागी दाबून धरला तर तेवढी उष्णता सहज निर्माण होते.

हेडलाइटचा कारागीर तासाभरात जे करून देईल ते एवढेच, आणि ते तो चांगलेही करून देईल. पण त्याला एक प्रश्न अवश्य विचारावा : घासून झाल्यावर वर काय देणार? घासताना पिवळ्या थराबरोबर मूळ संरक्षक थराचा उरलासुरला अंशही निघून जातो. नुसते पॉलिश केलेले उघडे पॉलिकार्बोनेट नव्या शीटपेक्षा लवकर पिवळे पडते. ‘पॉलिश केले, चार महिने टिकले आणि पुन्हा तसेच झाले’ अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांनी नेमकी हीच पायरी सोडलेली असते. माझ्या मते या कामात घासणे हा सोपा भाग आहे आणि खरे काम त्यानंतरच्या आवरणाचे आहे. आवरण देणार नसाल तर घासूच नका.

आवरणाचे तीन प्रकार व्यवहारात वापरता येतात. अतिनील किरण रोखणारे मेण सर्वांत स्वस्त, पण खारे पाणी आणि ऊन यांपुढे ते फार टिकत नाही आणि पुन:पुन्हा लावावे लागते. दुसरा प्रकार हार्डनर, म्हणजे कडक करणारे द्रव्य, मिसळून मारायच्या क्लिअर कोटचा (पारदर्शक लेपाचा). तो हेडलाइट किंवा पॉलिकार्बोनेटसाठीचाच असावा. मोटारीच्या पत्र्यासाठीचा कोट त्यातील थिनरमुळे शीट खराब करू शकतो, म्हणून आधी कोपऱ्यावर मारून पाहावा. या कोटच्या हार्डनरमध्ये बहुधा आयसोसायनेट असते आणि त्याने दमा जडू शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल त्यासाठी उपयोगाचा नाही. रासायनिक वाफांसाठीचा फिल्टर असलेला मास्क लावून, उघड्यावर, मुले जवळ नसताना हे काम करावे. तिसरा प्रकार पारदर्शक संरक्षक फिल्मचा. मोटारींना अशी फिल्म लावून देणारी दुकाने नवी मुंबईत आहेत आणि सपाट शीटवर ती बसवणे त्यांना अवघड जात नाही. खराब झाल्यावर ती सोलून नवी लावता येते, म्हणून नौकेसाठी मला हाच प्रकार सर्वांत सोयीचा वाटतो.

कामाच्या वेळेचाही विचार करावा लागेल. १ जूनपासून मासेमारी बंदी सुरू होते आणि नौका ओढून शाकारल्यावर हाताला सवड मिळते, म्हणून अशी कामे पावसाळ्यात काढली जातात. पाणी सोडून घासण्याला पावसाची अडचण नाही, पण क्लिअर कोटला आहे. दमट हवेत तो पांढरा पडतो किंवा नीट धरत नाही. त्यामुळे कोट मारायचा असेल तर मे महिन्यात, सकाळी, सावलीत मारावा. ते जमले नाही तर पावसाळ्यात शेडमध्ये शीट घासून फिल्म लावून घ्यावी.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. शीट सपाट आणि लहान असेल, शिवाय तिची कड तडकलेली असेल, तर घासण्यापेक्षा ती बदलणे बरे. नवी घेताना दोन्ही बाजूंना संरक्षक थर असलेली मागावी, वरचा कागद बसवून होईपर्यंत काढू नये आणि स्क्रूची भोके स्क्रूपेक्षा मोठी ठेवावीत. एक मीटर लांबीची शीट तापमान ३० अंशांनी वाढल्यावर सुमारे २ मिलिमीटर लांब होते. तिला सरकायला जागा मिळाली नाही, तर भोकापासून ती तडकते. फटी भरताना व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन टाळून न्यूट्रल प्रकारचे घ्यावे. काचच हवी असेल तर ती टफन्ड असावी. ती पिवळी पडत नाही, मात्र वजनाला याच जाडीच्या प्लास्टिकच्या दुप्पट भरते आणि टफन्ड झाल्यावर तिला कापता किंवा भोक पाडता येत नाही, म्हणून माप आधीच अचूक द्यावे लागते. साधी खिडकीची काच केबिनला कधीही बसवू नये.

प्रश्न : आमच्या नौकेच्या मागच्या बाजूला पावसापासून आडोसा म्हणून जाड पारदर्शक प्लास्टिकचा गुंडाळता येणारा पडदा आहे. तो पिवळा तर पडलाच, पण लोखंडी पाइपाला जिथे टेकतो तिथे तपकिरी पट्टे उमटले आहेत. वॉटर पेपरने घासून तो स्वच्छ होईल का?
— एक वाचक भगिनी, उत्तन, जि. ठाणे

उत्तर : नाही, आणि घासण्याचा प्रयत्नही करू नये. आपला पडदा मऊ पीव्हीसीचा आहे. ऊन आणि उष्णता यांमुळे पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडते आणि मागे राहणारी रचना रंगीत असते. शिवाय त्याला मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य हळूहळू उडून जाते. ही दोन्ही हानी भरून येणारी नाही. पॉलिकार्बोनेटप्रमाणे वरचा थर काढला की आत शुद्ध प्लास्टिक सापडेल, असे इथे होत नाही. घासल्याने पडदा फक्त पातळ आणि धुरकट होतो.

पाइपाला टेकतो तिथे पडद्यावर पट्टे का उमटले हे आपल्याला दुपारी त्या पाइपाला हात लावून कळेल. उन्हात तापलेला लोखंडी पाइप पडद्याला सतत चिकटून असतो आणि तेवढी पट्टी बाकीच्या पडद्याच्या कितीतरी आधी भाजून निघते. पाइपाला पांढरा रंग द्यावा किंवा त्यावर पांढऱ्या कापडाची पट्टी गुंडाळावी. नव्या पडद्याचे आयुष्य एवढ्यानेही वाढते. पडदा काढून ठेवताना घडी न घालता, मध्ये जुने सुती कापड ठेवून सैल गुंडाळावा आणि ओला असताना मुळीच गुंडाळू नये. रॉकेलने पुसल्यास तो काही दिवस चकाकतो, पण त्यातील मऊपणा देणारे द्रव्य रॉकेल ओढून घेते आणि पडदा आणखी कडक होतो. सध्याचा पडदा दुमडल्यावर कडकड वाजत नसेल, तर साबणाच्या पाण्याने धुऊन आणखी एखादा मोसम वापरावा. वाजत असेल तर ताडपत्री शिवणाऱ्याकडून नवा करून घ्यावा आणि माल घेताना तो उन्हासाठी यूव्ही स्टॅबिलाइज्ड आहे का, हे विचारावे.

प्रश्न : नौकेवरच्या दिव्यांच्या प्लास्टिकच्या टोप्या जुन्या झाल्या आहेत. पांढऱ्या दिव्याची टोपी पिवळी पडली आहे, हिरव्याची फिकट झाली आहे. दिवे लागतात, त्यामुळे वडील म्हणतात की खर्च कशाला. आपले मत काय?
— एक तरुण मच्छीमार, ऐरोली

उत्तर : वडिलांच्या काटकसरीचा आदर राखूनही सांगतो की हा खर्च आजच करावा. केबिनच्या शीटमधून आपण दुसऱ्यांना पाहतो. दिव्याच्या टोपीमधून दुसरे आपल्याला ओळखतात. समुद्रात टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत प्रत्येक दिव्याच्या रंगाला अर्थ दिलेला आहे. डाव्या बाजूचा तांबडा, उजव्या बाजूचा हिरवा, मागचा पांढरा. ट्रॉलिंग करणाऱ्या, म्हणजे पाण्यातून जाळे ओढत नेणाऱ्या, नौकेला वर हिरवा आणि खाली पांढरा, तर अन्य रीतीने जाळे टाकून मासेमारी करणाऱ्या नौकेला वर तांबडा आणि खाली पांढरा. याच नियमांत पिवळ्या दिव्यालाही स्वतंत्र अर्थ आहे. दुसरे जहाज ओढून नेणाऱ्या जहाजाला मागच्या पांढऱ्या दिव्याच्या वर पिवळा दिवा दाखवावा लागतो. आपला पांढरा दिवा टोपीमुळे पिवळा दिसू लागला, की बंदराच्या वाटेवर मागून येणाऱ्या जहाजाला आपण चुकीची माहिती देत असतो.

प्रकाश किती लांबून दिसावा याचेही माप ठरलेले आहे. १२ मीटरहून कमी लांबीच्या नौकेचे बाजूचे दिवे किमान १ सागरी मैलावरून आणि मागचा दिवा २ सागरी मैलांवरून दिसले पाहिजेत. १२ मीटर आणि त्याहून मोठ्या नौकेला बाजूच्या दिव्यांसाठीही किमान २ मैल लागतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. धुरकट टोपीतून दिवा ‘लागतो’ हे जेट्टीवर उभे राहून दिसते, पण तो मैलभरावरून दिसतो की नाही हे तिथून कळत नाही.

रंगीत टोपी घासून पॉलिश करू नये. काही टोप्यांना रंग वरच्या थरातच असतो, आणि ज्यांचा रंग आरपार असतो त्यांचीही छटा उन्हाने बदललेली असेल तर घासल्याने ती परत येत नाही. त्याशिवाय प्रकाश ठरलेल्या कोनात पसरवण्यासाठी टोपीवर उभ्या किंवा आडव्या रेघा घडवलेल्या असतात. वॉटर पेपरने त्या झिजतात. टोपी उघडून आतली बाजूही पाहावी, कारण जुन्या तारेच्या बल्बच्या उष्णतेने ती कधी कधी आतून तपकिरी झालेली असते. टोपी सुटी मिळाली तर तेवढीच बदलावी, नाहीतर दिवाच नवा घ्यावा. जुन्या दिव्यात नुसता पांढरा एलईडी बल्ब टाकून तांबड्या टोपीचा दिवा उजळ करू पाहणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात तांबडा भाग तुलनेने कमी असतो, त्यामुळे दिवा अपेक्षेपेक्षा मंद पडतो. रंगीत एलईडी असलेला, नौकेसाठी बनवलेला पूर्ण दिवा घेणे अधिक योग्य.

फिश फाइंडर आणि जीपीएसच्या पडद्यांविषयीही अनेकांनी विचारले आहे. त्यांच्यावर चकाकी कमी करणारा अतिपातळ लेप असतो. टूथपेस्ट, पॉलिश किंवा वॉटर पेपर यांपैकी काहीही लावले की तो डागाडागांनी निघतो. गोड्या पाण्याने ओलसर केलेले मऊ कापड पुरे, आणि वापर नसताना झाकण लावून ठेवावे.

प्रश्न : जुन्या संगणकाचे पिवळे पडलेले प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरे होते असे ऐकले. डिझेल फिल्टरची पारदर्शक वाटी पिवळी झाली आहे, आतले पाणी दिसत नाही. तिच्यावर हा उपाय चालेल का?
— एक वाचक, चेंदणी कोळीवाडा, ठाणे

उत्तर : तो उपाय संगणकाच्या खोक्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अपारदर्शक एबीएस प्लास्टिकवर चालतो, आणि तिथेही पिवळेपणा परत येऊ शकतो. फिल्टरच्या वाटीसाठी तो निरुपयोगी आहे. तिथला रंग डिझेल आणि इंजिनाची उष्णता यांनी आतून धरलेला असतो. शिवाय ही वाटी तडकली तर डिझेल थेट तापलेल्या इंजिनाजवळ सांडते, म्हणून ती घासणे, रसायनात बुडवणे किंवा चिकटवून वापरणे यांपैकी काहीही करू नये. इंजिनाच्या कंपनीने सांगितलेल्या मापाची नवी वाटी घ्यावी, तिच्याबरोबर रबरी वायसरही नवा टाकावा आणि वाटी हातानेच आवळावी. बसवल्यावर इंजिन काही वेळ चालू ठेवून वाटीच्या कडेला सुके बोट फिरवून पाहावे. बोट ओले झाले तर वायसर नीट बसलेला नाही, म्हणून इंजिन बंद करून वाटी पुन्हा बसवावी.